पाणबुडीतील मरण आणि किनाऱ्यावरची आठवण

समुद्रात मेलेल्या माणसाची आठवण ठेवणे जमिनीवरच्या माणसाला फार पूर्वीपासून अवघड गेलेले आहे. रणांगणावर पडलेल्या वीराचे शव मिळते, निदान तो कोठे पडला ती जागा दाखविता येते. तेथे छत्री उभारता येते, समाधी बांधता येते, दरसाल नारळ फोडता येतो. समुद्र मात्र कोणाचीच खूण ठेवीत नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांना ही अडचण ठाऊक होती. ज्याचे प्रेत हाती लागले नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांची मनुष्याकृती करून तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी त्यांनी सांगून ठेविला आहे. या विधीची थट्टा करणारे पुष्कळ भेटतील. परंतु रडण्यासाठी घरच्यांपुढे काहीतरी असावे लागते, एवढे शहाणपण त्या जुन्या कर्मठ मंडळींपाशी होते, हे कबूल केले पाहिजे.

मुंबईच्या उपनगरात, बोरिवलीजवळ एकसर नावाचे गाव आहे. तेथे जुने वीरगळ उभे आहेत. त्यांतील काहींवर गलबते कोरलेली आहेत. वल्ही मारणारे नावाडी ओळीने बसलेले आहेत आणि त्यांच्यावर झुंज चाललेली आहे. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात तेराव्या शतकात जे आरमारी युद्ध झाले, त्याच्याशी संशोधक हे वीरगळ बहुधा जोडतात. खालच्या पट्टीत युद्ध, वरच्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि शिरोभागी शिवाची पूजा, अशी ही रचना असते. ते खलाशी कोण होते, त्यांची नावे आज आपणास सांगता येत नाहीत. दगड मात्र उभा आहे. समुद्रात मेलेल्यांसाठी जमिनीवर दगड रोवावा, ही कल्पना आपल्या किनाऱ्याला सातशे वर्षांपासून परिचित आहे, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आज बोलावयाचे आहे ते मात्र त्याहूनही अवघड मरणाविषयी. पाणबुडीतील मरण हे समुद्रावरचे मरण नव्हे, ते समुद्राखालचे मरण आहे. साधे जहाज बुडते तेव्हा कोणी पोहतो, कोणी फळकूट धरतो, कोणी होडीत चढतो. प्रत्येकाचे नशीब निराळे असते. पाणबुडीत सर्वांचे नशीब एक. सर्वजण एकाच लोखंडी नळीत आणि एकाच मोजक्या हवेवर जगतात. त्यामुळे पाणबुडी जाते तेव्हा बहुधा सगळीच जाते आणि काय झाले ते सांगावयास मागे कोणी उरत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या नष्ट झाल्या आणि सुमारे ३,५०० माणसे गेली. जर्मनीची हानी तर कल्पनेपलीकडची आहे. त्यांच्या पाणबुडी दलातील सुमारे ४०,००० माणसांपैकी तीन-चतुर्थांशांच्या आसपास परत आली नाहीत. कीलजवळ म्योल्टेनोर्ट येथे त्यांचे स्मारक आहे. दोन्ही महायुद्धांतील तीस हजारांहून अधिक नावे तेथे धातूच्या पाट्यांवर ओळीने लिहिलेली आहेत. ज्या राज्यासाठी ते लढले त्या राज्याविषयी आमच्या मनात काडीचाही आदर नाही. पण वीस-बावीस वर्षांची ती नावे वाचताना राज्यकर्त्यांचा हिशेब आणि पोरांचा हिशेब निरनिराळा मांडावा लागतो.

आकडे मोठे झाले की मन बधिर होते. म्हणून आम्ही एका लहान पाणबुडीकडे वळतो. तीत अवघी चौदा माणसे होती.

जपानने १९०४-०५ साली रशियाशी युद्ध केले त्या सुमारास त्याने अमेरिकेतून पाच पाणबुड्यांचे भाग आणून आपल्या गोदीत जोडले. त्याच्यापुढची पायरी म्हणजे स्वतः पाणबुडी बांधणे. कोबे येथील कावासाकीच्या गोदीत सहाव्या आणि सातव्या क्रमांकाच्या पाणबुड्या बांधण्यात आल्या आणि १९०६ साली त्या आरमारात दाखल झाल्या. सहावी पाणबुडी लांबीने सुमारे २२ मीटर, वजनाने साठ टनांच्या आत. म्हणजे आपल्या एस. टी.च्या दोन गाड्या एकापुढे एक उभ्या केल्या तर होईल एवढीच तिची लांबी, आणि आतली जागा त्या गाड्यांहूनही अरुंद. पाण्यावर असताना ती गॅसोलीनच्या इंजिनावर चाले, पाण्याखाली गेली की विजेच्या बॅटऱ्यांवर. बंद पेटीत गॅसोलीनचे इंजिन ही कल्पनाच आज अंगावर काटा आणते. परंतु त्या काळी दुसरा उपाय नव्हता.

तिचा प्रमुख होता लेफ्टनंट त्सुतोमू साकुमा. वय तीस. फुकुई प्रांतातील एका खेडेगावातला मुलगा, आरमारी विद्यालयातून १९०१ साली बाहेर पडलेला. १५ एप्रिल १९१० रोजी सकाळी दहाच्या सुमारास तो आपल्या तेरा साथीदारांसह हिरोशिमाच्या उपसागरात, इवाकुनीच्या बाजूस, एक प्रयोग करण्यासाठी पाण्याखाली गेला. बॅटऱ्यांची शक्ती थोडकी, म्हणून पाणबुडी जरा खाली ठेवून हवेचा एक नळ तेवढा पाण्यावर काढावयाचा आणि त्यातून हवा घेत गॅसोलीनचे इंजिनच चालवावयाचे, असा तो प्रयोग होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हीच युक्ती सुधारून वापरली आणि ती जगभर रूढ झाली. परंतु १९१० साली ती कच्ची होती. पाणबुडी ठरल्यापेक्षा खोल गेली, नळाचे तोंड पाण्याखाली गेले आणि समुद्र आत शिरू लागला. नळ बंद करण्याच्या झडपेची साखळी निसटली. हातांनी झडप लावली, पण तोवर मागचा भाग पाण्याने भरला होता. पाणबुडी शेपटीकडून कलली आणि सतरा-अठरा मीटरांवर तळाला जाऊन टेकली.

सोबतच्या जहाजावरील लोकांना लागलीच संशय आला नाही. साकुमा पाण्याखाली दीर्घकाळ राहण्याचा सराव नेहमीच करीत असे. आजही तसेच असेल असे त्यांस वाटले. कर्तव्यदक्षतेचीच सवय कधी कधी अशी घात करते.

आत काय झाले ते आपणांस साकुमाच्याच हातचे कळते. विजेचा फलक पाण्यात बुडाल्याने दिवे गेले. तारा जळून धूर झाला, श्वास घेणे जड होऊ लागले. वरच्या मनोऱ्याच्या काचेतून पाण्यातून गाळून येणारा जो काय अंधुक उजेड होता, त्यात साकुमाने खिशातली टिपणवही काढली आणि पेन्सिलीने लिहावयास घेतले. एकोणचाळीस पाने त्याने लिहिली. मोठमोठी वेडीवाकडी अक्षरे. एका पानावर थोडेसेच शब्द.

या पत्रात आधी काय लिहिले आहे आणि मागाहून काय, हा क्रम आम्हांस फार विचार करण्यासारखा वाटतो. पहिल्या ओळींत तो सम्राटाची क्षमा मागतो. आपल्या निष्काळजीपणामुळे सम्राटाची नौका बुडाली आणि हाताखालची माणसे मरत आहेत, असे तो म्हणतो. दोष यंत्राला नाही, साखळीला नाही, खलाशाला नाही. लगेच पुढे तो आपल्या माणसांविषयी लिहितो, की सर्वजण शेवटपर्यंत शांतपणे आपापले काम करीत आहेत. मग त्याला चिंता वाटते ती अशी, की या अपघाताने लोकांचा गैरसमज होऊन पाणबुडीच्या विद्येची वाढ खुंटेल. तसे होऊ नये, उलट अधिक अभ्यास व्हावा, असे त्याचे मागणे आहे. आणि त्यानंतर, एखाद्या कारखान्यातील तपासनिसाने अहवाल लिहावा तसा, तो अपघाताची कारणे मांडतो. कोणती झडप, साखळीचे काय झाले, पाणबुडी किती अंशांनी कलली, कोणत्या टाकीतले पाणी हातपंपाने उपसले, बॅटरीत खारे पाणी गेले नाही म्हणून विषारी वायू झाला नाही, सगळे एकामागून एक. आता भरवसा काय तो हातपंपावर, असे तो नोंदवितो. हे लिहीत असताना कपडे भिजून गारठा भरला होता, हेही त्याने लिहिले आहे. पण तक्रार म्हणून नव्हे, परिस्थितीची नोंद म्हणून.

त्यानंतर एक वाक्य येते, त्याला तो सार्वजनिक मृत्युपत्र म्हणतो. सम्राटाला त्याची विनंती अशी, की माझ्या हाताखालच्या माणसांच्या कुटुंबांपैकी कोणावरही दारिद्र्याची पाळी येऊ देऊ नये. माझ्या मनाला आता एवढीच एक काळजी आहे. स्वतःच्या घरच्यांचे मृत्युपत्र आपण मातृजहाजावरील खणात आधीच ठेवले आहे, ही गोष्ट तो वेगळी सांगतो. म्हणजे दर वेळी निघताना हा मनुष्य निरोप लिहूनच निघत असे. पुढे वरिष्ठांची, गुरुजनांची नावे घेऊन नमस्कार आहेत. मग वाक्ये तुटत जातात. हवेचा दाब वाढून कान फुटल्यासारखे वाटतात. साडेबारा वाजता श्वास फारच जड झाला आहे. गॅसोलीनच्या वाफांनी गुंगी येते आहे. शेवटची नोंद बारा वाजून चाळीस मिनिटांची आहे. तिच्यात वेळ आहे, दुसरे काही नाही.

पाणबुडी वर काढून झाकण उघडण्याची वेळ आली तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांच्या मनात एक भीती होती, आणि ती स्वाभाविक होती. कोंडलेली माणसे शेवटच्या क्षणी दाराकडे धावतात, एकमेकांना तुडवितात. झाकणाखाली प्रेतांचा ढीग दिसेल असे त्यांस वाटत होते. ढीग नव्हता. साकुमा आपल्या जागी होता. बारा माणसे आपापल्या जागी होती असे सांगतात, आणि जे दोघे नव्हते ते फुटलेल्या गॅसोलीनच्या नळीपाशी, ती दुरुस्त करण्याच्या खटपटीत सापडले.

पत्र भिजलेल्या स्थितीतच छायाचित्र घेऊन छापण्यात आले आणि जपानभर गेले. त्या वेळी नात्सुमे सोसेकी हा त्यांचा थोर कादंबरीकार पोटाच्या दुखण्याने इस्पितळात पडला होता. त्याच्या हाती ही छायाप्रत आली. सोसेकी काही युद्धगीते गाणारा लेखक नव्हता. देशभक्तीच्या फुगवट्याचा त्याला तिटकारा होता. तरी त्याने या पत्रावर लेख लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते, की हे पत्र चांगले लिहावयाचे म्हणून लिहिलेले नाही, लिहिणे भाग होते म्हणून लिहिलेले आहे, आणि त्यातच त्याचे मोल आहे. रशियाशी झालेल्या युद्धात मेलेल्या एका प्रसिद्ध आरमारी वीराची कविता त्या काळी घरोघरी पाठ होती. ती आणि हे पत्र त्याने शेजारी ठेवले, आणि कविता न लिहिली असती तरी काही बिघडले नसते, असे स्पष्ट सांगितले. हे सांगण्यास धैर्य लागते. आपल्याकडे हुतात्म्यांच्या नावाने जे काव्य दरवर्षी बाहेर पडते, त्याला ही कसोटी कोणी लावून पाहावी.

पुढची हकीकत मात्र सरळ नाही. साकुमाचा धडा शाळांच्या नीतिपाठांत गेला आणि मुलांची एक पिढीच्या पिढी तो घोकून मोठी झाली. आमचे मत असे, की पाठ्यपुस्तकात शिरताच त्या पत्रातला अहवाल मागे पडतो आणि आज्ञाधारक मरण तेवढे पुढे येते. साकुमाने झडपेविषयी इतके बारकाईने लिहिले ते दुसऱ्या कोणी तसे मरू नये म्हणून; कसे मरावे याचा कित्ता घालून देण्यासाठी नव्हे. पाणबुडी दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागली, १९२० साली निवृत्त झाली आणि स्मारक म्हणून कुरेच्या आरमारी तळावर ठेवण्यात आली. १९४५ साली जपान हरल्यावर ती मोडीत निघाली. कुरे येथे शिलालेख आहे आणि १५ एप्रिलला तेथे आजही स्मरणविधी होतो. साम्राज्य गेले, नीतिपाठ गेले, ती पाणबुडी गेली. तो दिवस तेवढा लोकांनी सोडला नाही.

आता १९३९ सालाकडे येऊ. त्या वर्षी नऊ दिवसांच्या अंतराने दोन अपघात झाले. २३ मे रोजी अमेरिकेची स्क्वेलस ही पाणबुडी न्यू हॅम्पशरच्या किनाऱ्यासमोर बुडाली; मागच्या भागातील २६ माणसे गेली, पण पुढच्या भागात अडकलेल्या ३३ जणांना घंटेच्या आकाराची एक खोली दोरखंडाने पाण्याखाली सोडून वर काढण्यात आले. पाणबुडीतील माणसे इतक्या खोलीवरून जिवंत निघू शकतात हे जगाने प्रथमच पाहिले. १ जूनला इंग्लंडची थेटिस लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी गेली. गोदीतले कामगार धरून तीवर १०३ माणसे होती. टॉर्पेडोच्या नळीत पाणी आहे की नाही हे पाहण्यासाठी एक बारीक तोटी असते. तिचे भोक रंगाने बुजले होते. तोटीतून पाणी येत नाही, म्हणजे नळी कोरडी आहे, असे समजून आतले दार उघडले आणि समुद्र आत आला. दुसऱ्या दिवशी पाणबुडीची शेपटी पाण्यावर उभी दिसत होती, भोवती जहाजे होती, किनारा जवळ होता. चौघे बाहेर पडू शकले. ९९ माणसे आपल्याच उच्छ्वासाने गुदमरून मेली. रंगाच्या एका थेंबाने इतकी माणसे मारल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मृतांच्या विधवा न्यायालयात गेल्या. पाणबुडीचे आराखडे आणि कागद दाखवा, म्हणजे चूक कोणाची ते ठरेल, अशी त्यांची मागणी. आरमारखात्याने राष्ट्राच्या सुरक्षिततेचे कारण सांगून कागद देण्याचे नाकारले आणि १९४२ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने, मंत्र्याने असे सांगितले की न्यायालयाने त्यापुढे जाऊ नये, असा निर्णय दिला. युद्धाचा काळ होता, हे खरे. पण हा निकाल पुढे पंचवीस वर्षे सरकारी खात्यांची ढाल झाला. १९६८ साली इंग्लंडातच तो नियम मोडावा लागला. आपल्या न्यायालयांतही त्याचा दाखला पुष्कळदा दिला गेला आहे. थेटिसचे पुढे काय झाले? ती वर काढून, दुरुस्त करून, थंडरबोल्ट असे नवे नाव देऊन युद्धात पाठविली, आणि १९४३ साली ती सर्व माणसांसह बुडाली. नाव बदलल्याने पाणबुडीचे भाग्य बदलत नाही, असे खलाशी म्हणत असतील तर त्यांना दोष कोणी द्यावा?

दडविलेल्या कारणाची किंमत काय पडते, याचा दाखला पुढे आहे. १६ जून १९५५ रोजी इंग्लंडच्या पोर्टलंड बंदरात सायडन ही पाणबुडी उभी असताना तीतील एका नव्या जातीच्या टॉर्पेडोचा स्फोट झाला. या टॉर्पेडोत अतितीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड वापरीत. ते जरा गळून अशुद्ध धातूला लागले की भडका घेते. तेरा माणसे गेली. त्यांतला एक डॉक्टर होता. स्फोटाच्या वेळी तो त्या पाणबुडीत नव्हता. जखमींना बाहेर काढण्यासाठी तो आत गेला आणि परत आला नाही. इंग्रज आरमाराने तो टॉर्पेडो टाकून दिला. रशियन आरमाराने त्याच इंधनाचे टॉर्पेडो ठेविले.

१२ ऑगस्ट २००० रोजी सकाळी ११ वाजून २८ मिनिटांनी बॅरेंट्स समुद्रात कुर्स्क या अणुशक्तीवर चालणाऱ्या प्रचंड पाणबुडीत त्याच जातीचा टॉर्पेडो फुटला. सव्वादोन मिनिटांनी दुसरा, त्याहून कित्येक पट मोठा स्फोट झाला आणि नॉर्वेतील भूकंपमापक यंत्रांवर त्याची नोंद उमटली. १५४ मीटर लांबीची ती पाणबुडी १०८ मीटरांवर तळाला गेली. म्हणजे ती उभी करता आली असती तर तिचे एक टोक पाण्यावर आले असते. तीवर ११८ माणसे होती. पुढच्या भागातली तत्काळ गेली. मागचे तेवीस जण शेवटच्या, नवव्या दालनात जमले. तेथे सत्तावीस वर्षांचा कॅप्टन-लेफ्टनंट दिमित्री कोलेस्निकॉव्ह याने कागद काढला. साकुमानंतर नव्वद वर्षांनी पुन्हा एक अधिकारी समुद्राच्या तळाशी लिहीत बसला.

त्यानेही आधी हजेरी घेतली. एक वाजून पंधरा मिनिटे ही वेळ टाकून, सहाव्या, सातव्या, आठव्या दालनांतील सगळे नवव्यात आले आहेत, असे लिहून त्याने तेवीस जणांची यादी केली. मग उजेड गेला. पुढचा मजकूर अंधारात, बोटांनी चाचपून लिहिलेला आहे. सुटकेची आशा दहा ते वीस टक्के. हे कोणीतरी वाचील असे धरून चालू. सर्वांना नमस्कार, निराश होण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय आहे. पत्नीसाठी काही ओळी निराळ्या होत्या. ते तेवीस जण आणखी काही तासच जगले, असे पुढे चौकशीत निघाले. हवा शुद्ध करण्याचे रासायनिक ताट तेलकट पाण्यात पडून आग लागली आणि उरलेला प्राणवायू तीत गेला.

किनाऱ्यावर काय चालले होते? अपघाताची तारीखच आधी एक दिवस पुढची सांगण्यात आली. किरकोळ बिघाड आहे, आतल्यांशी संपर्क आहे, असे सांगण्यात आले. परकी पाणबुडी आदळली, असेही सांगून झाले. नॉर्वे आणि इंग्लंड यांनी देऊ केलेली मदत चौथ्या दिवसापर्यंत घेतली नाही. शेवटी २१ तारखेला नॉर्वेच्या पाणबुड्यांनी मागचे झाकण उघडले तेव्हा आत पाणीच होते. दरम्यान आरमारी वसाहतीत जमलेल्या नातेवाइकांपुढे उपपंतप्रधान आले असता एक आई उठून त्यांना जाब विचारू लागली. मागून एक परिचारिका आली आणि त्या बाईला तिने सुई टोचली. बोलता बोलता ती बाई खाली कोसळली. जगाने हे दूरचित्रवाणीवर पाहिले. साकुमाच्या पत्रातील ते एक वाक्य, माझ्या माणसांच्या कुटुंबांची काळजी घ्या हे, या चित्राशेजारी ठेवले की बोलवत नाही.

ऑक्टोबरमध्ये पाणबुडे त्या दालनात शिरले आणि कोलेस्निकॉव्हचा कागद त्याच्याच खिशात मिळाला. आम्हांस वाटते, त्या कागदाने रशियन सरकारला जे करावयास लावले ते वर्तमानपत्रांनाही साधले नव्हते. सर्वजण क्षणार्धात गेले, असे म्हणण्याची सोय त्याने ठेवली नाही. २००१ साली कुर्स्क वर काढण्यात आली आणि ११८ पैकी ११५ जणांचे देह घरी गेले. टॉर्पेडोचे इंधन गळल्यानेच स्फोट झाला, हे २००२ साली सरकारी चौकशीने मान्य केले. कुर्स्कच्या मनोऱ्याचा एक तुकडा मुर्मान्स्क शहरात स्मारक म्हणून बसविला आहे.

हे सर्व दूर देशचे झाले. परंतु मुंबईकरांना एवढे दूर पाहण्याचे कारण नाही. १४ ऑगस्ट २०१३ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असता, मुंबईच्या आरमारी गोदीत सिंधुरक्षक या पाणबुडीत स्फोट झाले. आकाश लाल झालेले दक्षिण मुंबईतील लोकांनी आपल्या गच्च्यांवरून पाहिले. ही पाणबुडी रशियातून दुरुस्त होऊन त्याच वर्षी परत आली होती आणि पहाटे निघण्यासाठी दारूगोळ्यासह सज्ज उभी होती. आत तीन अधिकारी आणि पंधरा नौसैनिक होते. अठराही गेले. बंदराच्या गढूळ, तेलकट पाण्यात पाणबुडे आत शिरले तेव्हा स्वतःचा हातही दिसत नव्हता, आणि उष्णतेने वितळलेले जिने व दारे वाट अडवीत होती. जे देह मिळाले त्यांची ओळख पटविण्यासाठी डीएनए तपासणी करावी लागली. गोदीत, धक्क्याला बांधलेल्या पाणबुडीत, शहराच्या दिव्यांपासून हाकेच्या अंतरावर आलेले हे मरण.

त्यानंतर सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी, मुंबईबाहेर समुद्रात सिंधुरत्न या पाणबुडीत धूर झाला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार या दोन अधिकाऱ्यांनी आग आणि धूर इतरांपर्यंत पोहोचू दिला नाही; ते त्या दालनातून बाहेर आले नाहीत. बाकीचे वाचले. दोघांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी या आणि आधीच्या अपघातांची नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो द्यावयास हवा होता की नव्हता, याविषयी तेव्हा मतभेद झाले. आम्ही त्या वादात शिरत नाही. आपल्या हाताखालची माणसे मेली याचा दोष पहिल्या ओळीत स्वतःकडे घेणारा तीस वर्षांचा साकुमा आम्हांस त्या दिवशी आठवला, एवढेच सांगतो.

सिंधुरक्षक २०१४ च्या जूनमध्ये वर काढली गेली. ती पुन्हा वापरण्यासारखी राहिली नव्हती. २०१७ साली अरबी समुद्रात फार खोल जागी नेऊन तिला बुडविण्यात आले.

पाणबुडी म्हणजे काय हे ज्यांना पुस्तकाबाहेर पाहावयाचे असेल त्यांनी विशाखापट्टणला जावे. १९६९ साली आपल्या नौदलात आलेली आणि १९७१ च्या युद्धात वावरलेली कुरसुरा तेथे समुद्रकिनाऱ्यावर वाळूत आणून ठेवली आहे, आणि २००२ पासून लोकांना ती आतून पाहता येते. नौदलातून निवृत्त झालेली माणसे ती दाखवितात. गोल झाकणांतून वाकून, पाय आधी आत घालून एका दालनातून दुसऱ्यात जावे लागते. खाटा एवढ्या अरुंद की कूस बदलण्याची पंचाईत. सहलीला आलेली मुले आरडाओरडा करीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतात आणि शेवटच्या दालनात आली की जरा गप्प होतात. वर आल्यावर समोर मोकळा समुद्र दिसतो. १९७१ च्या डिसेंबरमध्ये पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी नव्वदांहून अधिक माणसांसह बुडाली ती याच बंदराबाहेर, आणि ती अजून तेथेच तळाला पडलेली आहे.